डिशवॉशरसाठी वेगळी लाईन खरंच लागते का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ओट्याखाली नवीन डिशवॉशर बसवायचा आहे. सिंकजवळ ६ अँपिअरचा एकच सॉकेट आहे आणि त्यावर पाण्याचा प्युरिफायर चालतो. १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट ओट्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, तिथे इंडक्शन शेगडी लागते. मशीन बसवायला आलेला माणूस म्हणाला की कन्व्हर्टर प्लग लावा आणि सिंकजवळच्या सॉकेटवरच चालवा, काही होत नाही. इलेक्ट्रिशियन मात्र म्हणतो की डीबीपासून, म्हणजे घरातल्या सगळ्या लाईनी जिथून निघतात त्या पेटीपासून, नवीन लाईन ओढावी लागेल. तर कोणाचं ऐकायचं, आणि एक्सटेंशन बोर्डवर भागेल का?

इलेक्ट्रिशियनचं ऐका. पण त्यामागची कारणं समजून घेऊन ऐका, कारण वेगळी लाईनसुद्धा चुकीची ओढता येते, आणि तशी ओढलेली मी बरीच पाहिली आहे. घरगुती वायरिंगचं काम करताना स्वयंपाकघरातल्या जळालेल्या सॉकेटचे जितके प्रकार पाहिले, त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत होती: मशीन सुरू झालं म्हणजे जोडणी बरोबर आहे. कन्व्हर्टर लावून तुमचा डिशवॉशर नक्की सुरू होईल. पहिला महिना, कदाचित पहिलं वर्षही, काही बिघडणार नाही. म्हणून तो माणूस खोटं बोलत नाहीये. त्याने पाहिलेल्या पाच मिनिटांपुरतं त्याचं म्हणणं खरं आहे.

पुढचं सगळं २३० व्होल्टचा पुरवठा धरून लिहितो. १२० व्होल्ट असलेल्या देशात राहत असाल तर आकडे, वायरी आणि सॉकेट वेगळे असतील, विचार तोच राहील.

आधी मशीनमध्ये वीज कुठे जाते ते पाहू. मशीनच्या दाराच्या कडेला एक लहान पाटी असते, तिच्यावर वॅट आणि अँपिअर लिहिलेले असतात. बहुतेक घरगुती डिशवॉशरवर १८०० ते २४०० वॅटच्या दरम्यानचा आकडा दिसेल. यातला पाणी फिरवणारा पंप, पाणी बाहेर टाकणारा पंप आणि आतलं इलेक्ट्रॉनिक बोर्ड मिळून फारच थोडी वीज खातात. बाकी जवळजवळ सगळी वीज पाणी तापवणारा हीटर खातो. २००० वॅटचं मशीन धरलं तर २००० भागिले २३०, म्हणजे सुमारे ८.७ अँपिअर, २४०० वॅटचं असेल तर साडेदहाच्या आसपास. आणि हा प्रवाह मिक्सरसारखा मिनिटभर वाहून थांबत नाही. मुख्य धुण्याच्या वेळी आणि शेवटच्या गरम विसळणीच्या वेळी हीटर बराच वेळ सलग चालू राहतो. रोज, कधी दिवसातून दोनदा, तोच भार त्याच सॉकेटवर येतो. लाईनचा विचार करताना हा सलगपणा लक्षात ठेवायचा.

आता कन्व्हर्टरचं बघू. ६ अँपिअरच्या सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या, त्यांची स्प्रिंग आणि मागचे स्क्रू हे सगळं ६ अँपिअरसाठी केलेलं असतं. त्यातून नऊ अँपिअर जायला लागले की सगळ्यात आधी तापतो तो जोड: पिन आणि पट्टी जिथे एकमेकांना टेकतात ती जागा, आणि वायर जिथे स्क्रूखाली दाबलेली असते ती जागा. जोडाचा विरोध अगदी थोडा असतो, पण उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. समजा एखाद्या ढिल्या जोडाचा विरोध ०.३ ओहम आहे. प्युरिफायर पाव अँपिअर घेतो. त्या जोडावर तयार होणारी उष्णता इतकी कमी की मोजायलाही अवघड. त्याच जोडातून नऊ अँपिअर गेले की तिथे जवळपास २४ वॅट उष्णता तयार होते, म्हणजे आधीच्या सुमारे तेराशे पट. एक लहान सोल्डरिंग आयर्न प्लास्टिकच्या बंद डबीत रोज अर्धा तास चालू ठेवण्यासारखं आहे ते. तापलेल्या पट्टीची स्प्रिंग सैल पडते, पितळ काळं पडतं, विरोध आणखी वाढतो, म्हणून उष्णता आणखी वाढते. इतकी वर्षं प्युरिफायर या सॉकेटवर बिनतक्रार चालला, या अनुभवावरून तो सॉकेट डिशवॉशर पेलेल असं म्हणता येत नाही. शिवाय कन्व्हर्टरमुळे एक जोड वाढतो, आणि तो लोंबकळत राहत असल्याने लवकर ढिला होतो.

इथे नेहमी एक प्रतिप्रश्न येतो की काही झालं तर एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा डीबीतला स्विच, पडेलच ना. नाही पडणार. एमसीबी भिंतीतल्या वायरीचं रक्षण करण्यासाठी असतो. सॉकेट किती गरम झालाय हे त्याला कळत नाही; त्याला फक्त आपल्यातून जाणारा प्रवाह कळतो. तुमच्या ६ अँपिअरच्या सॉकेटच्या मागे डीबीत १६ अँपिअरचा एमसीबी असेल, आणि जुन्या घरांत असं सर्रास असतं, तर त्याच्या दृष्टीने नऊ अँपिअर हा अगदी सामान्य प्रवाह आहे. सॉकेट वितळेपर्यंत तो शांत राहील. उलट तिथे ६ अँपिअरचा एमसीबी असेल तर तो धुणं अर्ध्यावर असताना पडेल. मग कोणीतरी "एमसीबी कमजोर आहे" म्हणून तिथे १६ किंवा २० चा बसवून देतो. एक वेळ कन्व्हर्टर परवडला, पण ही दुरुस्ती नको. आतली वायर आहे तशी बारीकच राहते आणि तिचं रक्षण करणारी एकमेव गोष्ट तुम्ही काढून टाकलेली असते.

दुसरा पर्याय म्हणजे इंडक्शनचा पॉइंट. तो सॉकेट १६ अँपिअरचा आहे, त्यामुळे एकट्या डिशवॉशरला तो पुरेल. अडचण दोन्ही एका लाईनवर एकाच वेळी चालली तर आहे. २००० वॅटची शेगडी आणि २००० वॅटचं मशीन मिळून सुमारे साडेसतरा अँपिअर होतात. १६ पेक्षा जास्त झाले म्हणून एमसीबी पडेल असं तुम्हाला वाटेल. पण घरगुती एमसीबीचं मानक, आयईसी ६०८९८, असं सांगतं की ठरलेल्या प्रवाहाच्या १.१३ पट प्रवाह तासभर वाहिला तरी एमसीबी पडता कामा नये, आणि १.४५ पट झाला की तासाभरात पडलाच पाहिजे. १६ च्या एमसीबीसाठी हे आकडे अंदाजे १८ आणि २३ येतात. तुमचे साडेसतरा त्या खालच्या आकड्याच्याही आतच आहेत. म्हणजे एमसीबी नियमाप्रमाणेच वागेल आणि पडणार नाही. लाईन मात्र रोज आपल्या मर्यादेच्या वर चालत राहील. आत २.५ चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची वायर असेल तर ती बहुधा सोसेल. १.५ ची असेल, किंवा मध्येच कुठेतरी टेप गुंडाळून केलेला जोड असेल, तर हळूहळू इन्सुलेशन कडक होत जाईल आणि बाहेरून काहीच दिसणार नाही.

इथवरचा हिशेब एका वाक्यात सांगायचा तर, ६ चा सॉकेट सॉकेटमुळे नको आणि शेगडीचा पॉइंट शेगडीमुळे नको. आता ज्यासाठी मी एवढं मोठं उत्तर लिहायला घेतलं त्या अर्थिंगकडे येतो. तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

डिशवॉशर म्हणजे धातूची पेटी, आत गरम पाणी, डिटर्जंट, बुडालेला किंवा पाण्याला लागून असलेला हीटर, आणि बाहेर ओल्या हातांनी, बऱ्याचदा अनवाणी, दार उघडणारं माणूस. हीटरच्या नळीत तार आणि बाहेरचं आवरण यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दाबून भरलेली असते. नळीचं टोक नीट बंद राहिलं नाही तर ही पूड ओलावा शोषून घेते, आणि मग विजेची गळती धातूच्या पेटीकडे सुरू होते. अर्थिंग चांगलं असेल तर ही गळती तिथून निघून जाते. नसेल तर ती तुमच्या हाताची वाट पाहत राहते.

"दाराला हात लावला की झिणझिण्या येतात, पण टेक्निशियन म्हणतो मशीन ठीक आहे," ही तक्रार मी खूप ऐकतो, आणि बऱ्याचदा टेक्निशियनचं बरोबर असतं. या मशीनच्या आत विजेतला गोंगाट गाळण्यासाठी एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि अर्थ, तसंच न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये जोडलेले असतात. अर्थची तार कुठेच पोहोचत नसेल तर मशीनची पेटी या दोन कपॅसिटरच्या मधोमध अधांतरी राहते, आणि तिच्यावर पुरवठ्याच्या साधारण निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट दिसतात. प्रवाह अगदी थोडा असल्याने फक्त झिणझिण्या येतात. बिघाड मशीनमध्ये नसतो, तो घराच्या अर्थिंगमध्ये असतो. म्हणून झिणझिण्या आल्या तर "चप्पल घालून वापरा" हा सल्ला ऐकू नका. वापर थांबवा आणि अर्थिंग तपासून घ्या. आज कपॅसिटरमुळे झिणझिण्या आहेत. उद्या हीटर खराब झाला तर त्याच पेटीवर पूर्ण फेज येईल आणि तेव्हाही अर्थिंग नसेलच.

सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असं समजू नका. त्या भोकामागे तारच नाही, किंवा तार आहे पण डीबीत मोकळी सोडली आहे, अशी घरं मला नेहमी भेटतात. टेस्टर पेटतो की नाही यावरून फेज कळतो, अर्थ कळत नाही. इलेक्ट्रिशियनकडून मीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे तिन्ही व्होल्टेज मोजून घ्या. पहिले दोन जवळजवळ सारखे आणि तिसरा शून्याच्या जवळ, दोन-चार व्होल्टच्या आत, असायला हवा. त्यावरही पूर्ण विश्वास टाकू नका, कारण मीटर जवळजवळ प्रवाहच घेत नाही, त्यामुळे गंजून एका धाग्यावर टिकलेली अर्थची तारही त्याला चांगलीच वाटते. अर्थ लूपचा, म्हणजे फेजपासून अर्थमार्गे परतीच्या संपूर्ण वाटेचा, विरोध मोजणारं यंत्र ज्याच्याकडे आहे असा माणूस मिळाला तर उत्तम.

दोन गोष्टी कोणालाही करू देऊ नका. एक म्हणजे अर्थिंग सापडत नाही म्हणून सॉकेटच्या आत अर्थचं टोक न्यूट्रलला जोडणं. मीटरवर सगळं छान दिसतं, पण पुढे कुठेही न्यूट्रल तुटला की मशीनची धातूची पेटी थेट फेजवर जाते, आणि तेही मशीनमध्ये काहीही बिघाड नसताना. दुसरी म्हणजे अर्थची तार नळाच्या पाइपला बांधणं. पाइपलाइनमध्ये कुठेतरी प्लास्टिकचा तुकडा असतोच, आणि मग शॉक डिशवॉशरबरोबर नळालाही बसतो.

आता आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच. डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर नवीन लाईन ओढण्याच्या निमित्ताने तो बसवाच. फक्त एमसीबी आणि अर्थिंग का पुरत नाही ते सांगतो. १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी क्षणात पडेल याची खात्री हवी असेल तर त्यातून १६० अँपिअर वाहायला हवेत. त्यासाठी पेटीवर फेज आल्यावर परतीच्या संपूर्ण वाटेचा विरोध दीड ओहमपेक्षाही कमी लागतो. घराचं अर्थिंग जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडवरच अवलंबून असेल तर इतका कमी विरोध सहसा मिळत नाही. पाच ओहम मिळाले तरी प्रवाह ४६ अँपिअरच होतो, आणि तेवढ्यावर एमसीबी काही सेकंद रेंगाळतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र शंभर ओहमच्या अर्थवरही लगेच पडतो. अर्थिंग अजिबात नसेल तर तो तुमच्या अंगातून गळती गेल्यावर पडेल. धक्का बसेल, पण बहुतेक वेळा जीव वाचेल. नवीन घेताय तर ए प्रकारचा घ्या. इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि इन्व्हर्टर मोटर असलेल्या मशीनमधली गळती कधीकधी एका दिशेने धडधडणारी असते, आणि साधा एसी प्रकारचा आरसीसीबी ती ओळखेलच असं नाही. त्यावरचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहा. पण एक ध्यानात असू द्या, ते बटण आतल्या आत फेज आणि न्यूट्रलमध्ये गळती तयार करतं, म्हणून घरात अर्थिंग नसलं तरी ते दाबल्यावर आरसीसीबी पडतोच. बटण चाललं याचा अर्थ अर्थिंग आहे असा होत नाही.

मग इलेक्ट्रिशियनला नेमकं काय सांगायचं? डीबीपासून डिशवॉशरपर्यंत वेगळी लाईन, फेज-न्यूट्रल-अर्थ तिन्ही, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, मध्ये एकही जोड नाही, तिच्यासाठी वेगळा १६ अँपिअरचा एमसीबी, तो ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून वीज घेणारा, आणि शेवटी १६ अँपिअरचा चांगल्या प्रतीचा सॉकेट. अंतर खूप असेल किंवा पाइपात आधीच बऱ्याच तापणाऱ्या वायरी असतील तर ४ ची वायर घ्या. हे घराघरावर अवलंबून आहे, जागेवर पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. नवीन लाईनचा न्यूट्रल त्याच आरसीसीबीतून बाहेर पडलेला हवा. घाईत तो शेजारच्या न्यूट्रल पट्टीवर बसवला तर मशीन सुरू करताच आरसीसीबी पडेल आणि दोष मशीनवर येईल. भिंत फोडायची नसेल तर वरून केसिंग पट्टीतून ओढलेली लाईनही तितकीच चांगली. दिसायला थोडी वाईट, तपासायला सोपी.

सॉकेट मशीनच्या मागे नको. प्लग मागे दाबला जातो, मशीन पूर्ण आत सरकत नाही, गळती झाली तर पाणी तिथेच जातं, आणि अडचणीच्या वेळी हात पोहोचत नाही. शेजारच्या ट्रॉलीच्या कप्प्यात, जमिनीपासून वर, सिंकच्या पाइपांच्या थेट खाली येणार नाही असा बसवा. कप्प्याच्या फळीला भोक पाडून वायर आणा आणि भोकाला रबरी कडं लावा, नाहीतर मशीनच्या कंपनाने वायर फळीच्या कडेवर घासत राहते. मशीनची वायर साधारण दीड मीटरची असते, त्या अंदाजाने जागा ठरवा. ती कापून लांब करू नका. ओल्या जागेतला जोड होतोच, वर वॉरंटीचाही प्रश्न येतो. स्विच मात्र सहज हात पोहोचेल असा हवा. काही मशीनच्या पाणी आत घेणाऱ्या पाइपाच्या टोकाला एक जाड डबी असते. तिच्यात गळती रोखणारा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो आणि पाइपाच्या आतूनच त्याच्या तारा जातात. तो पाइप साधा समजून कापू नका, ती डबी पाण्यात बुडवू नका. वीज बंद झाली की हे व्हॉल्व्ह बंदच होतात, त्यामुळे धुणं संपल्यावर स्विच बंद करायला काही हरकत नाही.

एक्सटेंशन बोर्डबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कायमचा नको. भाड्याचं घर आहे आणि मालक लाईन ओढू देत नाही, अशी अडचण असेल तर शेगडीच्या पॉइंटवर मशीन लावा आणि दोन्ही एका वेळी चालवू नका. शक्यतो रात्री स्वयंपाक आटोपल्यावर धुणं लावा. वायर पोहोचत नसेल तर काही दिवसांपुरती, १६ अँपिअरचा प्लग आणि १६ अँपिअरचा एकच सॉकेट असलेली, २.५ च्या वायरीची आखूड जोडवायर वापरता येईल. ती पूर्ण उलगडलेली, जमिनीपासून वर आणि डोळ्यांसमोर हवी. अनेक सॉकेटची पट्टी अजिबात नको. पण अर्थिंग नसेल तर भाड्याच्या घरातही तडजोड नाही. ते दुरुस्त होईपर्यंत मशीन खोक्यातच राहू द्या.

इन्व्हर्टरच्या लाईनवर डिशवॉशर घेऊ नका. २००० वॅटचा हीटर घरगुती इन्व्हर्टरला झेपत नाही. व्होल्टेज कमी असण्याची भीती लोकांना जास्त वाटते, पण १७० व्होल्टला हीटरची ताकद निम्म्याच्या जरा वर येते आणि धुणं लांबतं, इतकंच. काही मशीन त्रुटी दाखवून थांबतात. बोर्ड जळतात ते बहुतेक वेळा जास्त व्होल्टेजने. तुमच्याकडे व्होल्टेज २६०-२७० पर्यंत चढत असेल तर ठरावीक मर्यादेपलीकडे पुरवठा तोडणारं उपकरण डीबीत बसवा. स्टॅबिलायझर घ्यायचाच असेल तर मशीनच्या वॅटच्या मानाने मोठा घ्या.

लाईन झाल्यावर पहिलं धुणं सगळ्यात गरम प्रोग्रॅमवर, रिकाम्या मशीनमध्ये, इलेक्ट्रिशियन घरात असतानाच लावा. हीटर चालू असताना सॉकेटवरचा व्होल्टेज मोजायला सांगा. हीटर बंद असतानाच्या आकड्यापेक्षा दहा व्होल्टहून जास्त घसरला तर कुठेतरी जोड कच्चा आहे. घसरण आधीपासून डीबीवरच दिसत असेल तर दोष तुमच्या नवीन लाईनचा नाही. धुणं संपल्यावर स्विच बंद करा, प्लग काढा आणि पिनांना हात लावून बघा. कोमट चालतील, चटका बसता कामा नये.

पुढे कधी आरसीसीबी पडायला लागला तर तो कोणत्या क्षणी पडतो ते लिहून ठेवा. पाणी भरायला सुरुवात होताच पडला तर संशय इनलेट व्हॉल्व्हवर, सुरू होऊन थोड्या वेळाने पाणी तापायला लागताना पडला तर हीटरवर, पाणी बाहेर टाकताना पडला तर त्या पंपावर. ही वेळ सर्व्हिसवाल्याला सांगितलीत तर तो थेट त्या भागाचं इन्सुलेशन मोजेल. नाहीतर अंदाजाने आधी बोर्ड बदलला जातो आणि आरसीसीबी दुसऱ्या दिवशी पुन्हा पडतो.